कंदाचं डोकं

सून दुपार व्हायच्या आतच डोंगरउतारावरच्या रानातून कंद खणून परतली आणि तिची काठोकाठ भरलेली टोपली पाहून सासूला शंका आली. हा कंद असा भराभर निघत नसतो. एकेका वेलीपाशी बसून राहावं लागतं.

म्हातारीने एक कंद उचलून फिरवून पाहिला. वेल जिथून फुटते ते डोकं जिथल्या तिथे होतं. दुसऱ्याचंही, तिसऱ्याचंही.

"अगं, डोकं कापून तिथेच पुरायचं असतं! त्यातूनच पुढच्या वर्षी वेल येते."

"पण आत्याबाई, मी प्रत्येक कपारीत एक वेल सोडली. हातसुद्धा लावला नाही. माझ्या माहेरी असंच करतात. राहिलेल्या वेलीचं बी पडतं आणि..."

"तुझ्या माहेरचा कंद वेगळा. हा बियांवर येत नाही, बाई."

सून टोपलीतली डोकी चाचपू लागली. बिचारीने रान राखलंच होतं, फक्त दुसऱ्या रानाच्या रीतीने. आता तो उतार उजाड झाला, तर कोठारं रिकामी होतात त्या महिन्यांत अख्ख्या वस्तीने खायचं काय?

म्हातारीला ओरडावंसं वाटलं खरं. पण ओरडायला अंगात त्राण लागतं, आणि खरं सांगायचं तर तिला ओरडायचा हक्कही नव्हता. पंधरा वर्षं ही पोर घरात होती. तिला एकदाही त्या उतारावर नेलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! जागा आपल्या एकटीला ठाऊक आहे तोवर घराला आपली गरज आहे, असं तिने मनाशी धरलं होतं. यंदा गुडघ्यांनीच हात टेकले, तेव्हा लांबून बोट दाखवून ती मोकळी झाली होती.

"विळा आण," ती म्हणाली. "डोकी ओली आहेत तोवर जीव धरतील. आणि चूक माझी आहे. मी तुला शिकवलंच नाही."

"का नाही शिकवलंत, माहीत आहे मला," सून कापता कापता म्हणाली. "म्हणून तर कधी विचारलं नाही."

कापलेली डोकी टोपलीत घालून दोघी उताराकडे निघाल्या. चढ संपता संपत नव्हता. म्हातारी दर दहा पावलांवर बसायची, सून काखेत हात घालून तिला उठवायची. वर पोचल्यावर ती दगडावर बसली ती बसलीच. हुकूम तेवढे सोडत राहिली. "कोंबाचं तोंड वर ठेव. वीतभर खोल. आता टाचेने दाब." सून या कपारीतून त्या कपारीत सरकत राहिली. उन्हं कलली तेव्हा टोपली रिकामी झाली. निम्मी जगली तरी पुष्कळ.

सुनेने हातांची माती झटकली.

"पुढच्या वर्षी तुम्ही येऊ नका, आत्याबाई. मी एकटी करीन."

हेच कानावर पडू नये म्हणून म्हातारीने पंधरा वर्षं तोंड शिवून घेतलं होतं. आता ते पडलं. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

"बरं," ती म्हणाली. "आता उठव मला."