फोन कोणाकडे राहणार

पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर अगदी सरळ होती. तरी दारापाशी ती गुडघ्याइतकी आणि खिडकीखाली मांडीच्याही वर दिसत होती. जमीनच त्या बाजूला उतरती आहे, हे इतकी वर्षं ऑफिसच्या त्या खोलीत वावरून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. वहिनीने हे पाहिलं, समजून घेतलं, आणि खुर्च्या पुसायला घेतल्या.

ऑफिसात सगळेच तिला वहिनी म्हणत, कारण ताई म्हणायची. ताई तिची नणंद. दोघी एकाच घरात राहायच्या आणि एकाच संस्थेत विनामोबदला काम करायच्या. वहिनी कामाची व्यवस्था पाहायची, ताई चाकांच्या खुर्चीत बसून फोन करायची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना, न दिसणाऱ्यांना रोज सकाळी एक फोन. चहा झाला का, गोळी घेतली का. कोणी उचलला नाही तर पोस्टमन सायकल काढायचे. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नाव तेच राहिलं होतं.

पाणी चढू लागलं त्या सकाळी वहिनीने सर्वांत आधी ताईला गाडीत बसवून घरी पाठवलं. हे चुकलं असं तेव्हा कोणाला वाटलं नाही. लोकांचे नंबर ऑफिसच्या फोनमध्ये होते आणि तो फोन घरी न्यायचा नाही, असा संस्थेचा नियम होता. फोन खणात राहिला. बाकीचे कपाटं आणि कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर चढवत राहिले.

ताई रोज ज्यांना फोन करायची त्यांतलेच एक, नदीकडच्या गल्लीतले घड्याळवाले काका, शेजाऱ्यांबरोबर निघाले नाहीत. "माझा फोन यायचाय. तो आला की येतो," म्हणाले.

पाणी उतरल्यावर ते सापडले.

तेव्हापासून वहिनी वेळेवर जेवत होती, कपड्यांच्या घड्या घालत होती. रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली, आलं नाही. नवरा रोज म्हणायचा, "ताईला काढ बाई त्या कामातून. उद्या तिलाच काही झालं तर?" ती रोज म्हणायची, "बघू."

आज पुढच्या पुराची योजना ठरवायची होती. पोस्टमन कागद पुढ्यात घेऊन बसले होते.

"मला कुठे घातलंय?" ताईने विचारलं.

पोस्टमननी चष्मा वर सरकवला. "आधी बाहेर काढायच्यांत."

"कपाटांच्या आधी की नंतर?"

"आधी गं! तुला कपाटानंतर काढू होय?"

"चला, तेवढा तरी मान आहे."

पोस्टमन हसले. वहिनीलाही हसायचं असतं हे आठवलं, पण तोवर ते हसू संपलं होतं.

ताई खुर्ची वळवून तिच्यासमोर आली. "वहिनी, मी त्या दिवशी घरात कोरडी बसले होते. आपलं घर चढावर, वीज चालू, हातात माझा फोन. नंबर मात्र एकही नाही. सगळ्यांचे आवाज मला पाठ आहेत. नंबर कोण पाठ करतं?"

"तुझा दादा म्हणतो..."

"दादा काय म्हणतो ते मला भिंतीपलीकडून रोज ऐकू येतं. तू 'बघू' म्हणतेस तेही येतं. मला काढायचं तर काढ. पण मग तसं तोंडावर सांग. वाचवायच्या नावाखाली बाजूला बसवू नकोस."

पोस्टमन पेनाचं टोपण लावत होते, काढत होते. बाहेर कोणीतरी फावड्याने चिखल ओढत होतं. फरशीवर घासल्याचा आवाज थांबून थांबून येत होता. वहिनीने ताईच्या हातांकडे पाहिलं. रोज सकाळी फोन धरणारे हात, आता मांडीवर नुसतेच ठेवलेले. काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पण काय करायला हवं, ते त्यावाचूनही स्पष्ट दिसत होतं.

"खोडा ते," ती पोस्टमनना म्हणाली.

"काय खोडू?"

"ताईचं नाव. काढायच्यांतून." तिचा आवाज सपाट होता. "फोन आजपासून ताईजवळ राहील, घरीसुद्धा. नियम मी बदलून घेते. आणि पाणी आलं की काम ताई चालवेल. कोणी कुठे जायचं ते ती सांगेल, आपण सगळ्यांनी ऐकायचं. मीसुद्धा."