मिस यू, बस!

चीनमधल्या छेंगदू शहरातल्या ज्येष्ठांच्या इंग्रजी वर्गात शिक्षिका शन बाई धापा टाकत शिरल्या आणि म्हणाल्या, "सॉरी, आय मिस्ड द बस."

पांग आजोबांनी चहाचा थर्मास खाली ठेवला. जन्मभर शहराची बस चालवून ते निवृत्त झाले होते. 'मिस' हा शब्द त्यांना पक्का ठाऊक होता. टोरांटोची नात दर रविवारी फोनवर 'मिस यू' म्हणायची, म्हणजे आठवण येते. त्यांना गहिवरूनच आलं.

"बाई, मलाही फार येते हो बसची आठवण!"

सगळा वर्ग खो खो हसला. बाई म्हणाल्या, "आजोबा, मिस म्हणजे चुकणंसुद्धा. माझी बस चुकली."

"चुकणं निराळं, आठवण निराळी! दोन शब्द परवडत नाहीत का या इंग्रजांना?" आजोबा तणतणले. मग एकाएकी त्यांचा चेहरा खुलला. "अरे, मी स्टॉपवरून गाडी काढली की आरशात माणसं मुठी उगारत, ओरडत मागे धावताना दिसायची. म्हणजे ती सगळी माझी आठवण काढत होती!"

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं सूर्यफुलाच्या बिया सोलता सोलता मानही वर केली नाही.

"आठवण काढत होती, खरंय. पण तुमची नव्हे, माझ्या सासूबाईंची."