कपाळ बघून फॉर्म अडत नाही

बोईसरला विनोदच्या ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या दुकानासमोर चपलांचा ढीग पडला होता. शिफ्ट सुटलेले कामगार हात जोडून उभे आणि आत एक भगवा भामटा बाबा कॉम्प्युटरवर भस्म फुंकत होता. गेला महिनाभर फॉर्म अर्धा झाला की वेबसाइट मधेच बाहेर फेकायची, पुन्हा लॉगिन करा म्हणायची. कधी व्हायचं, कधी नाही. बाबाने मंत्र पुटपुटला की मात्र फॉर्म सुरळीत जायचा.

"सर्व्हरच्या लहरींवर सावली पडलीय," म्हणत बाबाने गोदूबाईकडे बोट केलं. "हिच्या कपाळाला कुंकू नाही. काढा बाहेर. बाकीचेही निघा. एकच भक्त आत राहील."

गोदूबाई मासळी विकणारी म्हातारी. नात रिद्धीच्या नर्सिंग प्रवेशाचा फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस, म्हणून टोपली शेजारणीकडे टाकून आली होती. लोकांनी तिला दंडाला धरून उन्हात काढलं.

"मी कोनाचा काय वाकडा केला?" ती म्हणाली. "पोरीचा वरीस फुकट जाईल."

माझं डोकं सणकलं. मी इथल्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. आत घुसले आणि विनोदला विचारलं, "गर्दी असली की तू काय करतोस?"

"दोघांचे फॉर्म एकदम उघडतो, मॅडम. एकाचा ओटीपी येईपर्यंत दुसऱ्याचा भरतो."

"एकाच ब्राउझरमध्ये?"

"हो, शेजारशेजारच्या टॅबमध्ये."

"मग तीच तुझी सावली. वेबसाइट माणसाला बघत नाही, ब्राउझरला दिलेली खूण बघते. दुसऱ्याने लॉगिन केलं की पहिल्याची खूण पुसली जाते आणि तो बाहेर. हा बाबा सगळ्यांना हाकलतो, एकच फॉर्म उघडा राहतो, म्हणून तो सुरळीत जातो."

"यंत्रालाही आत्मा..." बाबाने सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा."

गोदूबाई बाहेर असतानाच मी दोन टॅब उघडल्या. दुसरं लॉगिन झालं आणि पहिला फॉर्म बाहेर फेकला गेला. मग बाबाला भस्मासकट उठवलं, गोदूबाईला पडद्यासमोर बसवलं आणि एकच टॅब ठेवली. रिद्धीचा फॉर्म पोचला.

आता सगळे बाबाला हसायला लागले. मला ते हसणंही सहन होईना.

"बाबाने नुसतं बोट दाखवलं, दंड तुम्ही धरलात," मी म्हटलं. "काही अडलं तर काय केल्यावर अडलं ते विचारा, पुन्हा करून बघा. बाईच्या कपाळावर कसलंही उत्तर नसतं. आधी हिची माफी मागा, मग एकेकाने आत या."