करडा-लाल वर

सुगंधाच्या तेराव्याला तिच्या लायनीतल्या बायका आल्या होत्या. जेवणं झाल्यावर पत्रावळी उचलता उचलता नवसी म्हणाली, "भाऊ, ताईसारका टाका मारनारी बाई नाय बगितली. येकदाच काय ती चुकली."

मी मान खाली घातली.

मी आणि माझी बायको सुगंधा, दोघंही बोईसरच्या एका लहान इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात कामाला. मी ड्रॉइंग काढायचो, ती लायनीत बसून कार्डांवर सोल्डरचे टाके मारायची. सत्त्याण्णव साली नवीन काम आलं. सिग्नल पाठवणारं कार्ड पाच व्होल्टचं, घेणारं ३.३ चं. हा सिग्नल दोन तारांतून जातो, एकीत चढला की दुसरीत उतरतो. तारांच्या शेवटाला रेझिस्टर लावून तो जिरवावा लागतो, नाहीतर माघारी फिरून घोळ करतो. दोन्हीकडचे व्होल्ट वेगळे म्हणून मी मध्ये कंडेन्सर घातले. ते बरोबर होतं. पण रेझिस्टर मी पुस्तकातल्या तक्त्यावरून उतरवले. वर एकशेतीस ओहमचा, खाली ब्याऐंशीचा. तो तक्ता कंडेन्सर न घालता तारा सरळ जोडल्या तर लागू होणारा होता. कंडेन्सर आले की ते उलटे लागतात.

सुगंधानं विचारलं होतं. "अहो, ब्याऐंशीचा, करड्या-लाल पट्ट्यांचा, नेहमी वर असतो ना? आज खाली?"

"ड्रॉइंग बघ. डोकं नको चालवूस," मी म्हणालो. बायका हसल्या.

वीसच्या वीस कार्डं फेल गेली. कारखान्याचे मालक कृष्णकांत साहेब टेबलाशी आले. "काय झालंय?"

"उलटे लावलेत बहुतेक," मी म्हणालो.

सुगंधानं माझ्याकडे बघितलं.

दुपारी मला चूक सापडली. मी पेन्सिलीचे आकडे खोडून अदलाबदल केली. आता ड्रॉइंग बरोबर आणि तिची कार्डं उलटी. साहेबांनी तिला पॅकिंगला बसवलं. दोन वर्षं तिनं खोक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. घरी तिनं विषय काढला नाही. साहेबांना खरं सांगणं मी रोज उद्यावर ढकललं. मग कावीळ झाली आणि नऊ दिवसांत ती गेली.

"नवसी," मी म्हणालो, "ती चुकली नव्हती. ड्रॉइंग माझं चुकलं होतं. मी ते खोडलं."

"आमाला म्हाईत हाय."

"मग आत्ता तसं का बोललीस?"

"तुमी काय बोलता ते बगायला." तिनं पत्रावळी खाली ठेवल्या. "ताईनं शपत घातलेली. सायबाला कोन सांगू नका, ते आपल्या तोंडानं सांगतील. आमी चिडवायचो, ताई, तुजी खोकी संपतील पन ह्यांचं तोंड नाय उघडायचं. तर म्हनायची, थांबा गं."

सोमवारी मी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या हो, जुनी गोष्ट."

मी फाइलमधलं ड्रॉइंग मागून घेतलं. कोपऱ्यात पेनानं लिहिलं, "मूळ आकडे चुकीचे होते. ते मी खोडले. कार्डं ड्रॉइंगप्रमाणेच होती. सुगंधानं विचारलं होतं." खाली सही केली.