साडेपंचाण्णव अंश

मित्रांनो, मी एक जुनी तापमापी आहे. महाबळेश्वरच्या एका शाळेत, प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात, कापसाच्या घडीवर मी पडून असते. माझी काच अजून शाबूत आहे, पारा तुटलेला नाही. फक्त आकड्यांचा काळा रंग थोडा पुसट झाला आहे.

माझा जन्म समुद्राजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला वितळत्या बर्फात उभं केलं आणि पारा थांबला तिथे शून्याची रेघ मारली. मग उकळत्या पाण्याच्या वाफेत धरलं आणि शंभरची रेघ मारली. मधल्या अंतराचे शंभर सारखे भाग केले. माझं शिक्षण एवढंच. जे असेल ते दाखवायचं, जास्त नाही, कमी नाही.

पहिली काही वर्षं मी आष्ट्याच्या शाळेत होते. तिथे उकळत्या पाण्यात माझा पारा अठ्ठ्याण्णवच्या आसपास थांबायचा. दोन अंशांकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे दोन्ही शाळा चालवणाऱ्या संस्थेने काही सामान इकडे पाठवलं, त्यात मीही घाट चढून आले. इथे पारा साडेपंचाण्णवला थांबू लागला. मुलं माझ्याकडे बघायची, मग शेजारच्या वहीकडे बघायची आणि शंभर लिहायची. ती वहीही आदल्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेली असायची. पावसाळ्यात त्या वह्यांना बुरशी यायची, पण आकडा कधी बदलला नाही.

एक गोष्ट मात्र मी मान्य केली पाहिजे. परीक्षा नसती तर माझं कपाट उघडलंच नसतं. जानेवारी लागला की आमचे परिचर लालासाहेब मामा कुलूप काढायचे आणि फडक्याने मला पुसायचे. सरावाच्या त्या तीन-चार आठवड्यांसाठी मी वर्षभर वाट पाहायचे.

अशाच एका जानेवारीत रुक्सार माझ्याकडे आली. ती दहावीत होती. तिचे वडील वाजिदभाई पर्यटकांना पॉइंट दाखवणारी टॅक्सी चालवतात. तिला अकरावीला साताऱ्यात विज्ञान शाखा हवी होती. तिथल्या प्रवेशयादीत एका गुणाने नाव खाली जातं, आणि प्रात्यक्षिकाचे वीस गुण हातातले समजले जातात.

तिने चंचुपात्रातलं पाणी उकळेपर्यंत दर मिनिटाला माझी नोंद घेतली. पाणी खळाखळा उकळू लागलं आणि माझा पारा साडेपंचाण्णवला थांबला. ती थांबून राहिली. पाच मिनिटं गेली. मग तिने दुसरी तापमापी लावली, मग तिसरी. तिन्हींचं उत्तर एकच आलं.

"मामा, ह्या तिन्ही बिघडल्यात का?"

"तिन्ही एकदम कशा बिघडतील गं?" मामा म्हणाले. "लय वर्सं झाली, हितं पाणी तितंच उकळतंय. तू शंभर लिव्ह आन् मोकळी हो."

शेजारच्या टेबलावरून शिवतेज म्हणाला, "तुझ्या अब्बांच्या गाडीला घाट चढून धाप लागती, तशी पाण्यालाबी लागली आसंल."

"तुझ्या डोक्याला कधी लागत न्हाई ती," रुक्सार म्हणाली, "कारण ते चालतच न्हाई." पण हसता हसता तिचं मन त्या घाटावर अडलं. घाट, उंची, वरची विरळ हवा. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. तिने पुस्तक उघडून तो परिच्छेद शोधला. तिचं बोट त्या ओळींवरून फिरताना मी पाहिलं. इतक्या वर्षांत मला कोणी इतकं नीट वाचलं नव्हतं.

मला आणि वही घेऊन ती विज्ञानाच्या घोरपडे सरांकडे गेली. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "मला ठाऊक आहे."

"मग साडेपंचाण्णव लिहू, सर?"

सरांनी तिची वही मिटून तिच्या हातात दिली. "गेल्या वर्षी दहावीतल्या ऋषिराजने परीक्षेत शहाण्णव लिहिलं होतं. नंतर बाहेरचे परीक्षक वह्या तपासायला आले, त्यांच्याकडच्या नमुना उत्तरात शंभर होतं. दोन गुण गेले त्याचे. मी भांडलो, पण उपयोग झाला नाही. तुला सातारला जायचंय ना, बाळ?"

परीक्षेच्या दिवशी तिचे हात सावकाश चालत होते. माझा पारा चढला आणि थांबला. तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात ९५.५ लिहिलं. बराच वेळ ती त्या आकड्याकडे बघत राहिली. मग खोडरबर घेतलं. पेनाने १०० लिहिलं आणि आलेखाची सपाट रेघही शंभरवर ओढली. तिला वीसपैकी वीस मिळाले.

मित्रांनो, तेव्हाही मला फार वाईट वाटलं नाही. तिला खरं माहीत आहे, असं मी मनाला सांगितलं.

मार्चमध्ये विज्ञानाचा पेपर झाला आणि ती प्रयोगवही परत न्यायला आली. मामा मला पुसून कपाटात ठेवत होते.

"कसा गेला गं पेपर?"

"चांगला गेला, मामा. उंच जागी पाणी शंभराच्या आत का उकळतं, हाच प्रश्न आला होता. सगळं लिहिलं. दाब, विरळ हवा, सगळं."

"मंग तर झ्याक. आपलंच नाव घातलं आसशील, म्हाबळेश्वर."

"न्हाई," ती वही पिशवीत घालत म्हणाली. "उदाहरणात हिमालय लिहिलं. गाईडमध्ये तेच आहे."

मामांचा हात माझ्यावरच थांबला. रुक्सार निघून गेली. तिने कपाटाकडे पाहिलं नाही.

मित्रांनो, मी काचेची आहे, मला जपून हाताळा, असं मी सांगायला हवं. पण काच फुटली तर दुसरी आणता येते. माझं मागणं वेगळं आहे. तुमची परीक्षा घेणाऱ्यांनी एखादा प्रश्न असाही विचारावा, ज्याचं उत्तर त्यांच्याकडे आधीपासून लिहिलेलं नसेल. आणि तसा प्रश्न येईपर्यंत तुम्ही पेनाने काहीही लिहा, पण पेन्सिलीने लिहिलेला तो आकडा खोडू नका.