जरा मोठ्यानं

मुलांसाठी पुस्तकं लिहिणाऱ्या या बाईंना त्यांचे छोटे वाचक गोष्टीमावशी म्हणत. परीकथा त्यांनी कधी लिहिल्या नाहीत. कुठे विटा वाहणारा मुलगा, कुठे निर्वासितांच्या छावणीत वाढलेली मुलगी, कुठे खाणीत उतरणारी भावंडं. देश कुठलाही असो, मावशी तिथे स्वतः जायच्या, मुलांबरोबर जमिनीवर बसायच्या आणि ऐकायच्या. वही नाही, टेप नाही. समोर काही ठेवलं की पोरं परीक्षेला बसल्यासारखी बोलतात, असं त्या म्हणत. आणि एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. मूल खरं सांगायला लागलं की त्याचा आवाज खाली जातो.

नेमके त्यांचेच कान जायला लागले. आधी दारावरची घंटा ऐकू येईना, मग फोनवर संपादकांचं बोलणं अर्धंमुर्धं कळायला लागलं. "हो हो" म्हणून मावशी वेळ मारून न्यायच्या. अशाच एका "हो हो"मध्ये त्यांनी कुठल्याशा समारंभाचं अध्यक्षपद पत्करलं, आणि न्यायला गाडी दारात आली तेव्हा त्या अंगणात झाडांना पाणी घालत होत्या. त्यांच्याबरोबर राहणाऱ्या धाकट्या बहिणीनं मग मागे लागून कानाचं यंत्र आणवलं. पंख्याची घरघर डोक्यात शिरते म्हणून मावशींनी ते कपाटात टाकलं. खरं तर यंत्र लावून मुलांसमोर बसायची त्यांना लाज वाटत होती.

"जगातल्या सगळ्या पोरांचं ऐकतेस, ताई," बहीण म्हणाली, "माझं तेवढं ऐकू नकोस."

"तुझं सगळ्या गल्लीला ऐकू जातं," म्हणून मावशींनी ते हसण्यावारी नेलं, आणि यंत्र न घेताच नव्या पुस्तकासाठी निघाल्या.

या वेळचं काम तसं जवळचं होतं. युद्धातून आईबापांवाचून निसटलेल्या मुलांचं एक वसतिगृह होतं. तिथे बारीक चणीची एक मुलगी होती, सगळे तिला चिमणी म्हणत. इथली भाषा ती आता सराईतपणे बोलायची. तिला इथवर घेऊन आला होता तिच्याच गल्लीतला एक मोठा मुलगा. त्याची बहीण आणि चिमणी जिवाभावाच्या मैत्रिणी. बॉम्ब पडले त्या दुपारी ती बहीण गल्लीत सापडली. एका क्षणात गेली, तिला काही कळलंही नसेल, असं त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं. तेव्हापासून चिमणीच त्याची बहीण. तिच्या वेण्यासुद्धा तोच घालायचा, वाकड्यातिकड्या. चिमणी त्याला दादा म्हणायची.

बाकी खोल्यांना रंग लागत होता, म्हणून मावशी आणि चिमणी जेवणघराच्या कोपऱ्यात बसल्या. मुलांची जेवणं उरकत आली होती. दादा ताटल्या गोळा करत होता.

चिमणी आधी भराभरा बोलली. शाळा, गच्ची, तिचं मांजर. मग ती त्या दुपारपाशी आली. तिची हनुवटी स्वेटरच्या गळ्यात गेली आणि मावशींना नुसते हलणारे ओठ दिसायला लागले.

"काय म्हणालीस? जरा मोठ्यानं, बाळा."

चिमणीनं पुन्हा सांगितलं. मावशींना 'दार' एवढंच कळलं.

"दाराचं काय? जरा मोठ्यानं बोल. घाबरू नकोस."

चिमणीनं मागे वळून पाहिलं. मावशींनी तिचा हात हातात घेतला आणि त्या आणखी पुढे वाकल्या. "सांग ना."

"ती दार वाजवत होती!" चिमणी ओरडली. "मला हाका मारत होती! आई म्हणाली होती, कुणालाही उघडू नकोस! मी कडी काढली नाही!"

सगळ्या जेवणघरातले चमचे थांबले. दादानं हातातल्या ताटल्या जपून टेबलावर ठेवल्या. तो जवळ आला आणि चिमणीकडे बघत हळू आवाजात काहीतरी म्हणाला. त्याचे ओठ हलताना मावशींना दिसले, शब्द एकही कळला नाही. पुन्हा सांग म्हणायची त्यांची छाती झाली नाही. चिमणीचा चेहरा मात्र त्यांनी पाहिला. मग दादा निघून गेला.

वसतिगृहाच्या बाई धावत आल्या. मावशींनी त्यांना सगळं सांगितलं, कानांचंही.

"अहो, मग आधी बोलायचं होतंत," बाई म्हणाल्या. "मी माझी खोली रिकामी करून दिली असती." त्या रागावल्या नव्हत्या, त्यामुळे ते जास्तच लागलं.

घरी येऊन मावशींनी संपादकांना कळवलं, हे पुस्तक होणार नाही. दर रविवारी कपाटातलं यंत्र कानाला लावून मावशी वसतिगृहाच्या बाईंना फोन करत. दादा वाईट वागत नाही, बाई सांगत. चिमणीला शाळेत सोडतो, तिचं ताट वाढून ठेवतो. पण तिच्याशी बोलत नाही. चिमणीनं केस कापून घेतले.

थंडी सरताना मावशी पुन्हा गेल्या, या वेळी यंत्र लावून. चिमणी मागच्या पायरीवर मटार सोलत होती. मावशी शेजारी बसल्या आणि त्याही सोलायला लागल्या.

"तुम्ही ते लिहिणार?" चिमणीनं विचारलं.

"नाही. कधीच नाही."

तिनं हातातली शेंग सोलली. मग अगदी हळू म्हणाली, "मग मला बोलायला कशाला लावलंत?"

"माझं चुकलं, बाळा," मावशी म्हणाल्या. "तू पहिल्यांदा हळू बोललीस तेव्हाच मी थांबायला हवं होतं."

"हं," चिमणी म्हणाली. तिनं दाण्यांचं पातेलं उचललं आणि ती आत गेली. मावशी टरफलं गोळा करत तिथेच बसल्या. ती परत बाहेर आली नाही.