तिसऱ्या रकान्यातला रविवार

बिट्टीने विद्यापीठात प्रोटेस्टंट धर्मशास्त्र घेतलं, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला नाही. पण हात निघाला होता आणि अर्ध्या वाटेवरून परत आला, एवढं खरं. मामाने विचारलं, यात पुढे काय. आई म्हणाली, पुढे काहीही असो, निदान तोंड तरी सांभाळायला शिकेल. बाबांनी नेहमीप्रमाणे चष्मा पुसला. थोरली बहीण तेव्हा विद्यापीठाच्याच शहरात बस चालवत होती. तिने फोनवर सांगितलं, "माझ्याकडे येऊन राहा, एक कॉट मोकळी आहे." झालं, निकाल लागला.

त्याला आता तीन वर्षं होत आली होती. वर्गात अकरा जण होते. पहिल्या वर्षी ग्रीक, दुसऱ्या वर्षी हिब्रू, मधल्या वेळेत चर्चचा इतिहास. त्यात इतकी माणसं इतक्या बारीक मुद्द्यांवर एकमेकांशी भांडली होती, की बिट्टीला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. माणूस आपल्या कर्तबगारीने तरतो की निव्वळ देवाच्या कृपेने, यावर ती जेवताना ताईला व्याख्यान द्यायची. ताई पहाटे चारला उठणारी बाई. ती कृपेच्या बाजूने मान हलवायची आणि ताटं उचलायची. घरात दोनच खोल्या होत्या आणि टेबल एकच. त्या टेबलावर हिब्रूचा शब्दकोश पसरला की ताई ओट्यापाशी उभ्याने जेवायची. "तू वाच गं," म्हणायची. बिट्टीही खरोखरच वाचत बसायची. आज्ञाधारक म्हणावं तर इतकी.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. बिट्टीला पाळक व्हायचं होतं. ती चौदा वर्षांची असताना आजोबांच्या अंत्यविधीला एक पाळकबाई आल्या होत्या. त्यांनी दहा मिनिटांत सगळ्या घराला आधी हसवलं आणि मग रडवलं. आपल्याला हेच काम करायचं, असं तेव्हाच तिच्या मनाने घेतलं होतं. पण पाळकपणाच्या प्रशिक्षणाला जायचं तर पदवीच्या शेवटच्या वर्षी उपदेशाची परीक्षा पास व्हावी लागायची. खरं चर्च, खरी मंडळी, जास्तीत जास्त बारा मिनिटं, हातात कागद नाही. विषय त्या रविवारच्या शास्त्रपाठाचा, म्हणजे त्या दिवशी वाचायच्या बायबलमधल्या उताऱ्याचा. उपदेश संपला की उपदेशशास्त्राच्या प्राध्यापिका बाई मंडळीतल्या कुठल्याही तिघांना एकेक चिठ्ठी द्यायच्या. चिठ्ठीवर एकच प्रश्न असायचा: आज तुम्ही काय ऐकलंत? तिघांपैकी दोघांनी तरी काहीतरी ऐकलेलं असायला हवं, तर पास. संधी दोनच. दुसऱ्यांदा नापास झालं की पदवी मिळायची, पण उपदेशपीठ कायमचं बंद.

पहिली संधी बिट्टीने कशी घालवली, ते थोडक्यात सांगतो. एका ग्रीक क्रियापदाच्या चार काळांवर ती एकोणतीस मिनिटं बोलली. चिठ्ठ्या आल्या त्या अशा: 'आवाज गोड आहे.' 'मुलगी अभ्यासू दिसते.' आणि तिसरी: 'शेजारच्या बाई झोपून माझ्या गुडघ्यावर कलंडल्या, म्हणून मला जागं राहावं लागलं.' बाईंनी तिन्ही चिठ्ठ्या तिच्यासमोर मांडल्या आणि अर्जावर 'नापास' लिहिलं.

म्हणून दुसऱ्या खेपेला ती कंबर कसून बसली. शास्त्रपाठ ठरवायला एक छापील तक्ता असतो. त्यात तीन वर्षांचे तीन रकाने, आणि दर रविवारी आपल्या वर्षाच्या रकान्यातला पाठ वाचायचा. वर्ष कितवं ते कसं ओळखायचं, तर सालाला तीनने भागायचं. बाकी एक उरली तर पहिला रकाना, दोन उरली तर दुसरा, काहीच उरलं नाही तर तिसरा. बिट्टीने तोंडी भागाकार केला, बाकी एक काढली आणि पहिला रकाना धरला. त्यात शेतातल्या गव्हाची आणि त्यात उगवलेल्या निदणाची, म्हणजे तणाची, गोष्ट होती. तीन आठवडे ती निदणावर राबली. आरशासमोर बोलली, जिन्यात बोलली, आंघोळ करताना बोलली. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. ताईने त्या रविवारची बसची पाळी बदलून घेतली आणि म्हणाली, "मागच्या वेळेला नव्हते मी. या वेळेला येतेच."

चर्च लहानसं होतं. पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं, गीतांचे क्रमांक लावायची फळी. तिच्यावरचा सातचा आकडा खिळ्यावरून तिरका लोंबत होता. चौतीस माणसं आली होती. प्राध्यापिका बाई शेवटच्या बाकावर, मांडीवर घड्याळ ठेवून बसल्या होत्या. ताई तिसऱ्या रांगेत, बसचालकाचा निळा कोट घालून. चांगला कोट तिच्याकडे तोच होता. शास्त्रपाठ वाचायला गावातला चष्मेवाला उठला. त्याने स्वतःचा चष्मा सारखा केला आणि सावकाश, एकेक शब्द चाखत वाचायला लागला.

गहू नाही. निदणही नाही. दोन बहिणींच्या घरी येशू पाहुणा येतो, थोरली कामात बुडून जाते, धाकटी त्याच्या पायाशी ऐकत बसते, आणि थोरली पाहुण्याकडेच तक्रार करते, की हिला सांगा ना मला मदत करायला. पाहुणा म्हणतो, धाकटीने निवडलं तेच चांगलं.

बिट्टीने बसल्या जागी पुन्हा भागाकार केला. बाकी शून्य. हिब्रू क्रियापदांची सात रूपं तोंडपाठ असणाऱ्या मुलीचं तीनच्या पाढ्यात घोडं अडलं होतं.

आता वाचन आणि उपदेश यांच्यामध्ये एक गीत असतं. चार कडवी. म्हणजे चार कडव्यांचा वेळ तिच्या हातात होता. पहिल्या कडव्यात तिने ठरवलं, निदणच ठोकून द्यायचं; कोणाला कळतंय. दुसऱ्या कडव्यात तिला दिसलं, की सगळ्यांना कळणार, कारण आत्ताच सगळ्यांनी ऐकलंय. मग तिने गव्हाचं पीठ केलं, पिठावरून स्वयंपाकघरात शिरायचा प्रयत्न केला. ते काही जुळेना. तिसऱ्या कडव्यात तिने सरळ देवाला विचारलं, आता काय. चौथ्या कडव्यात उत्तर आलंही असतं, पण ऑर्गन वाजवणारे आजोबा ते कडवं गाळून थांबले. सगळे खाली बसले आणि बिट्टी एकटीच उभी राहिली.

ती उपदेशपीठावर चढली. दोन्ही हातांनी लाकडी कठडा घट्ट धरला.

"मी चुकीच्या रकान्यात पाहिलं," ती म्हणाली. "माझ्याकडे एक चांगला उपदेश तयार आहे, पण तो पुढच्या वर्षीचा आहे. तेव्हा यायला हरकत नाही."

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. चष्मेवाल्याने मान डोलावली. बिट्टीला श्वास घेता आला.

पुढे ती जे बोलली त्यात ग्रीक नव्हतं. या गोष्टीवर वर्गात निबंध लिहिला होता, असं तिने सांगितलं. थोरली म्हणजे माणसाची धडपड, धाकटी म्हणजे विश्वास, आणि धाकटीचंच बरोबर. वीसपैकी अठरा गुण मिळाले होते. "तो निबंध मी ज्या टेबलावर लिहिला," ती म्हणाली, "त्या टेबलावर माझ्या थोरल्या बहिणीला जेवायला जागा उरली नव्हती. ती उभ्याने जेवली. मी निबंधात थोरलीच्या चुका काढत होते." ती म्हणाली, या गोष्टीतल्या थोरलीने निदान तक्रार तरी केली. आमच्या घरातल्या थोरलीने तीन वर्षांत तेवढंही केलेलं नाही. येशू त्या थोरलीला दोनदा नावाने हाक मारतो. मला ती हाक नेहमी रागवल्यासारखी वाटायची. पण सकाळी ताई मला दोनदा हाक मारते तेव्हा ती रागावलेली नसते, मी उठावं असं तिला मनापासून वाटत असतं. तसंच असेल तर येशूला थोरलीही जवळ बसलेली हवी होती. मग स्वयंपाकाचं काय झालं, ते शास्त्रात लिहिलेलं नाही. मला वाटतं, नंतर तिघांनी मिळून केला असेल.

मग तिने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

"तीन वर्षं मी बसलेय," ती म्हणाली, "आणि तुलाही बसायचं आहे का, हे मी एकदाही विचारलं नाही. चुकलंच माझं."

एवढं बोलून ती खाली उतरली. आमेन म्हणायचं राहूनच गेलं. सात मिनिटं झाली होती.

उपासनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत प्राध्यापिका बाई खुर्चीत बसल्या आणि बिट्टी उभी राहिली. बाईंनी आधी तिची यथास्थित हजेरी घेतली. ज्याला तक्ता वाचता येत नाही तो पाळक एक दिवस भलत्याच माणसाचं दफन करेल, असं त्या म्हणाल्या. बिट्टीला ते मान्य होतं. मग बाईंनी चिठ्ठ्या उघडल्या. पहिली चष्मेवाल्याची: 'घरी गेल्यावर बायकोला विचारणार आहे, बसतेस का म्हणून. ती काय म्हणेल याची धास्ती वाटते.' बाईंनी परीक्षेच्या अर्जावर खूण केली. दुसरी ऑर्गनवाल्या आजोबांची: 'चौथं कडवं चुकून राहिलं, क्षमस्व.' यात उपदेशाचं काहीच नव्हतं. बाईंनी ती बाजूला ठेवली.

आता सगळं तिसऱ्या चिठ्ठीवर. बाईंनी घडी उलगडायला घेतली आणि बिट्टीला बाहेरच्या बाजूला उमटलेलं अक्षर दिसलं. मोठं, गोल, प्रत्येक शब्दानंतर ब्रेक लावल्यासारखं. फ्रिजवर रोज 'दूध संपलंय' लिहिणारं अक्षर. गप्प बसली असती तर बाईंना काय कळणार होतं? एक क्षणभर बिट्टी गप्प बसलीसुद्धा. खोटं कशाला बोलू.

"बाई, ती चालणार नाही," ती म्हणाली. "ते माझ्या ताईचं अक्षर आहे."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. नातेवाइकाची चिठ्ठी धरायची नाही, असा नियमच होता. त्यांनी ती न वाचता पुन्हा घडी घातली आणि बिट्टीच्या हातात दिली. मग दार उघडून बाहेर पाहिलं. बाकांवरची गीतपुस्तकं गोळा करणारी एक म्हातारी तेवढी उरली होती. बाईंनी तिला विचारलं, आज काय ऐकलंत. म्हातारीने हातातला गठ्ठा खाली ठेवला. "माझी धाकटी बहीण परगावी असते," ती म्हणाली. "अकरा वर्षं बोलत नाही आम्ही. मीच तक्रार केली होती तिची, सगळ्यांपुढे. आज फोन करीन म्हणते."

बाईंनी अर्जावर दुसरी खूण केली, सही केली आणि सांगितलं की पास आहे, आणि उद्यापासून भागाकार कागदावर करायचा.

बिट्टीने चिठ्ठी फाटकापाशी उघडली. ताईने लिहिलं होतं: 'मी बसले नाही हे खरं, पण ऐकत होतेच. तू मोठ्याने वाचायला लागलीस की मी नळ बंद करते, पाण्याच्या आवाजात शब्द हरवतात म्हणून. महिनाभर तू मनात वाचतेस. ते तेवढं आवडलं नाही.'

बिट्टीला रडू आलं आणि हसूही आलं. महिनाभर ती मनात वाचत होती खरी. ताईची झोप मोडू नये म्हणून, मोठ्या समजूतदारपणाने. ताई रस्त्यापलीकडच्या थांब्यावर बाकावर बसली होती. बिट्टी धावतच गेली, पास झाल्याचं सांगितलं, आणि तिच्या खांद्यात तोंड खुपसलं. ताईने तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या. थोड्या वेळाने बिट्टीने पिशवीतून सोमवारचा हिब्रूचा धडा काढला, ताईला सरकायला लावलं, शेजारी बसली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

इतक्यात बस आली. ताईच्या ओळखीचा चालक होता, त्याने दार उघडून धरलं. ताईने त्याला हाताने पुढे जायची खूण केली. गाडी धूर सोडत, घरघरत वळणाआड गेली.

"हं," ताई म्हणाली. "बसच्या आवाजात काही कळलं नाही. पहिल्यापासून वाच."